साहेब तोंडी सांगतात, सही मात्र माझी: तक्रार करणाऱ्या सरकारी कर्मचाऱ्याला संरक्षण किती?

प्रश्न थोडक्यात असा. मुंबईतल्या एका राज्य शासकीय कार्यालयात लेखा शाखेत काम करणाऱ्या एका ताईंच्या टेबलावर बिल आलंय. शासकीय वसाहतीतल्या एका इमारतीच्या गच्चीचं वॉटरप्रूफिंग मे महिन्यात पूर्ण झालं, असं त्यात लिहिलंय. नेमकी त्याच इमारतीत त्यांची मैत्रीण राहते. आता जुलै आहे, गच्चीवर अजून निळी ताडपत्री फडफडतेय आणि मैत्रिणीच्या पलंगाशेजारी बादली लावलेली आहे. साहेब म्हणतात, "बिल मंजुरीला पुट अप करा, वरून फोन येतायत." ताई विचारतात: गैरप्रकार उघड करणाऱ्याला संरक्षण देणारा व्हिसलब्लोअर कायदा मला वाचवेल का? बदली किंवा निलंबन झालं तर काय? पेपरवाल्यांना सांगू का? आणि घरी सांगू का?

मी ३२ वर्षं सरकारी नोकरी केली, त्यातली निम्म्याहून जास्त आस्थापना शाखेत. निवृत्तीनंतर काही वर्षं चौकशी अधिकारी म्हणून विभागीय चौकश्या चालवल्या. तक्रार करणाऱ्याचं पुढे काय होतं ते टेबलाच्या दोन्ही बाजूंनी पाहिलंय. आणि कबूल करतो, "प्रशासकीय कारणास्तव" एवढ्या दोन शब्दांवर माणूस उचलून दुसरीकडे टाकणारे बदलीचे मसुदे मीही लिहिलेत. त्यातला एक अजून डोळ्यांसमोर आहे. त्या माणसाने फक्त एका खरेदीचे तुलनात्मक दर मागितले होते.

आधी कायद्याचं सांगतो, कारण त्याच्या भरवशावर कुणी उडी मारू नये. व्हिसल ब्लोअर्स प्रोटेक्शन ॲक्ट संसदेने मंजूर केला, मे २०१४मध्ये राष्ट्रपतींची मान्यताही मिळाली. पण तो कधीपासून लागू होणार हे केंद्र सरकारने अधिसूचना काढून ठरवायचं होतं, आणि ती अधिसूचना निघालीच नाही. २०१५मध्ये दुरुस्ती विधेयक लोकसभेत मंजूर झालं, राज्यसभेत अडकलं आणि २०१९मध्ये लोकसभा विसर्जित झाल्यावर बाद झालं. त्यामुळे या कायद्याचं कलम टाकून अर्ज केलात तर समोरचा जाणकार कक्ष अधिकारी पहिल्याच ओळीला ओळखेल की तुमच्यामागे सल्ला देणारं कुणी नाही.

लागू आहे तो केंद्र सरकारचा २००४चा ठराव. इंग्रजी नावाच्या आद्याक्षरांवरून (PIDPI) लोक त्याला पिडपी म्हणतात. त्याच्या मागे सत्येंद्र दुबे आहेत. राष्ट्रीय महामार्ग प्राधिकरणाच्या या तरुण अभियंत्याने सुवर्ण चतुष्कोन रस्त्याच्या कामातल्या गैरप्रकारांबद्दल पंतप्रधान कार्यालयाला पत्र लिहिलं आणि नाव गुप्त ठेवायची विनंती केली. पत्र मात्र नावासकट खाली फिरत गेलं. २७ नोव्हेंबर २००३ला गयामध्ये त्यांचा खून झाला. मग सर्वोच्च न्यायालयाने विचारणा केली आणि एप्रिल २००४मध्ये हा ठराव आला. त्यात केंद्रीय दक्षता आयोगाकडे तक्रार करता येते आणि नाव गुप्त ठेवणं ही आयोगाची जबाबदारी असते.

ताई, तुम्ही राज्याच्या कर्मचारी, म्हणून हा ठराव तुमच्या कामाचा नाही. तरी तो सांगतो, कारण मुंबईत घरटी एक माणूस रेल्वेत, कस्टममध्ये, बंदरात, एलआयसीत नाही तर सरकारी बँकेत असतो. सकाळी चर्चगेटला उतरणाऱ्या गर्दीत केंद्राचा कोण आणि राज्याचा कोण हे कळत नाही, पण तक्रारीची वाट मात्र तिथेच वेगळी होते. केंद्रवाल्यांनी एवढं लक्षात ठेवावं: तक्रार बंद लिफाफ्यातून, आयोगाच्या सचिवांच्या नावे. लिफाफ्यावर ती या ठरावाखालची तक्रार आहे असं ठळक लिहायचं, स्वतःचं नाव मात्र लिफाफ्यावर नको. नाव-पत्ता आतल्या पत्राच्या सुरुवातीला किंवा शेवटी, किंवा वेगळ्या कागदावर. निनावी तक्रार या ठरावात चालत नाही. आयोग नंतर पत्र पाठवून "हे तुम्हीच लिहिलंत ना" अशी खात्री करतो, त्याला वेळेत उत्तर द्यावं लागतं. तीच तक्रार आणखी चार ठिकाणी प्रत म्हणून पाठवली असेल तर गुप्तता उरतच नाही.

आणि लोक हमखास चुकतात ते मजकुरात. "मी या शाखेत सहा वर्षं काम करते, माझ्याकडे ही नस्ती (फाइल) आली तेव्हा" असं लिहिलं की नाव झाकून उपयोग काय? माहिती अधिकारात मिळवलेले कागद जोडले तर त्या पत्रांवर अर्जदाराचं नाव असतं. मी पाहिलेल्या एका प्रकरणात तक्रारदाराने नाव कुठेही लिहिलं नव्हतं, पण जोडलेल्या झेरॉक्सच्या कोपऱ्यात स्वतःच्या पेन्सिलने केलेली बेरीज तशीच राहिली होती. ते अक्षर अख्ख्या शाखेला पाठ होतं.

आता तुमच्या गच्चीकडे येऊ.

तुम्हाला सध्या व्हिसलब्लोअर व्हायची गरजच नाही, असं माझं मत आहे. मराठी वर्तमानपत्रं त्याला जागल्या म्हणतात. गावाचा जागल्या रात्री फिरायचा, काही दिसलं तर हाळी द्यायचा आणि तेच त्याचं नेमून दिलेलं काम असे. लेखा शाखेत बसलेल्या माणसाचंही तेच काम आहे. बिलावर शंका नोंदवणं ही तक्रार होत नाही, ती तुमची ड्यूटी आहे. ती नस्तीवर केलीत तर तुम्ही नियमाच्या आत आहात. तीच शंका आधी बाहेर बोललात तर वर्तणूक नियमांच्या कचाट्यात सापडलात.

महाराष्ट्र नागरी सेवा (वर्तणूक) नियम, १९७९ यातला नियम ३ काढून वाचा. बहुतेकांनी तो रुजू होताना सही करण्यापुरता पाहिलेला असतो. वरिष्ठांच्या सांगण्यावरून काम करायचं असेल तर तो आदेश शक्य तिथे लेखी घ्यावा, आणि तोंडी मिळाला तर नंतर लवकरात लवकर लेखी पुष्टी घ्यावी, असं तो सांगतो. ऑक्टोबर २०१३मध्ये टी. एस. आर. सुब्रमणियन यांच्या याचिकेवर सर्वोच्च न्यायालयानेही हेच बजावलं: अधिकाऱ्यांनी तोंडी आदेशांवर काम करू नये, तसे आदेश नोंदवून ठेवावेत. म्हणजे लेखी मागणं हा उद्धटपणा ठरत नाही, तो नियमच आहे.

टिपणी कशी लिहायची ते दाखवतो. राग, संशय, "भ्रष्टाचार", "संगनमत" हे शब्द नकोत. साधारण असं:

"सदर देयकासोबत काम पूर्ण झाल्याचा दाखला दिनांक अमुकचा आहे. मोजमाप पुस्तकातील पृष्ठ क्रमांक अमुक वरील नोंदीची दिनांकाशी पडताळणी होत नाही. तसेच सदर इमारतीतील रहिवाशांच्या गळतीबाबतच्या तक्रारी प्राप्त आहेत किंवा कसे, याची खात्री होणे आवश्यक वाटते. सबब देयक पारित करण्यापूर्वी संबंधित उप अभियंता यांचेकडून स्थळ पाहणी अहवाल मागविण्यात यावा किंवा कसे, आदेशार्थ सादर."

पाहा, यात मैत्रिणीचा उल्लेख नाही. ताडपत्रीचाही नाही. तुम्ही गच्चीवर गेला नाहीत, तेव्हा तसं लिहू नका. मात्र त्या इमारतीतल्या रहिवाशांनी आपल्या गळतीची लेखी तक्रार वसाहतीची देखभाल पाहणाऱ्या कार्यालयात आवकला देऊन शिक्का घेतला असेल, तर तुमच्या टिपणीतलं तिसरं वाक्य आपोआप जड होतं. ती तक्रार तुम्ही लिहून द्यायची नाही. रहिवाशांचं घर गळतंय, त्यांना सांगायला कुणाची गरज नाही.

यावर साहेब तीनपैकी एक काहीतरी करतील. पाहणी मागवतील, मग प्रश्न मिटला, आणि खरं सांगायचं तर पुष्कळ वेळा तो इथेच मिटतो, कारण लेखी शंका आल्यावर पुढची सही करायला कुणाचा हात धजत नाही. किंवा "पाहणीची आवश्यकता नाही, देयक सादर करावे" असं लिहून सही करतील. मग जबाबदारी त्यांची, तुम्ही त्या आदेशाचा संदर्भ देऊन सादर करा. किंवा तिसरं, नेहमीचं: बोलावून घेऊन म्हणतील, टिपणी मागे घ्या, नवं पान लावा. हे करू नका. ई-ऑफिसमध्ये टिपणी पुढे गेली की तिचा माग राहतोच, तरी "परत पाठवतो, दुरुस्त करा" असं होतं. तसं झालं तर त्याच दिवशी, कार्यालय सुटायच्या आत एक ओळीचा मेल किंवा पत्र: "आज दुपारी आपण नस्ती क्रमांक अमुकबाबत दिलेल्या तोंडी सूचना कृपया लेखी मिळाव्यात, ही विनंती." सूचना काय होत्या त्याचं वर्णनसुद्धा नको. बिल तुमच्याकडून काढून दुसऱ्या टेबलावर दिलं तर देऊ द्या. तुमची टिपणी मात्र पानावर राहिली पाहिजे.

नस्ती सात दिवसांपेक्षा जास्त दाबून ठेवू नका, हेही सांगून ठेवतो. राज्याच्या २००५च्या बदली अधिनियमातच (कायद्यातच) तरतूद आहे: कोणतीही नस्ती कुणाकडे साधारणपणे कामकाजाच्या सात दिवसांपेक्षा जास्त पडून राहता कामा नये. प्रामाणिक माणसं घाबरून फाइल ड्रॉवरमध्ये ठेवतात आणि मग भ्रष्टाचाराचा विषय बाजूला राहून त्यांच्यावरच दिरंगाईचं ज्ञापन (मेमो) निघतं. असं ज्ञापन काढणं साहेबांना फार सोपं जातं.

आता कागद घरी नेण्याबद्दल. मोबाइलने नस्तीचे फोटो काढायचा मोह होतो. काढू नका. चौकश्यांमध्ये मी पाहिलंय, मूळ गैरव्यवहार राहिला बाजूला आणि "शासकीय अभिलेखाची अनधिकृत प्रत काढली" हा दोषारोप क्रमांक १ होऊन बसला. स्वतःच्या अर्जाची आवक शिक्क्यासह प्रत ठेवणं हा तुमचा हक्क आहे. बाकी कागदांचे नस्ती क्रमांक, पान क्रमांक, दिनांक एका साध्या वहीत लिहून ठेवा. पुढे कधी तपास झालाच तर नेमकं कुठे हात घालायचा हे सांगता येणं जास्त मोलाचं ठरतं. कागद तपास यंत्रणा स्वतः ताब्यात घेते. वहीत त्या-त्या दिवशी लिहा, महिन्याचं एकदम नको. एका शाईत, एका बैठकीत लिहिलेली डायरी उलटतपासणीत टिकत नाही.

पेपरला सांगू का? तुमच्या पातळीवर, आत्ता, नाही. काक्रापारच्या अणुवीज प्रकल्पातल्या एका कर्मचाऱ्याने १९९४च्या पुराच्या वेळी घडलेल्या प्रकाराबद्दल वर्तमानपत्राला लिहिलं, नोकरी गेली आणि २०१३मध्ये सर्वोच्च न्यायालयाने त्याला व्हिसलब्लोअर मानायला नकार दिला. आधी आतले रस्ते वापरले का, हेतू काय होता, हे न्यायालय बघतं. २०१२मध्ये आपल्याकडे जलसंपदा विभागातले मुख्य अभियंता विजय पांढरे यांनी सिंचन कामांबद्दल पत्रं लिहिली, ती वरच्यांनाच, स्वतःच्या सहीने. पण मुख्य अभियंत्याच्या पत्राला जे वजन असतं ते लिपिकाच्या पत्राला मिळायला आधी नस्तीवर चार पानं असावी लागतात, ही आपल्या व्यवस्थेची गंमत. आणि शाखेच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर तर अक्षरही नको. तिथे साहेबांचा माणूस असतोच; तो कोण हे शोधत बसू नका. आमदारांकडेही जाऊ नका. उद्या बदली थांबवायला त्यांचंच पत्र आलं तर राजकीय दबाव आणला म्हणून वर्तणूक नियमांचा भंग तुमच्याच माथी.

टिपणी लिहूनही पैसे गेले, गच्ची गळतच राहिली आणि हे एकाच इमारतीपुरतं नाही असं दिसलं, तर मात्र बाहेरची पायरी. राज्याच्या कर्मचाऱ्यासाठी ती म्हणजे लाचलुचपत प्रतिबंधक विभाग. मुख्यालय वरळीला, टोल फ्री क्रमांक १०६४. इथे एक बारकावा आहे. कुणी लाच मागितली आणि सापळा लावायचा असेल तर पूर्वपरवानगी लागत नाही. पण अधिकाऱ्याने घेतलेल्या निर्णयाची चौकशी असेल, जसं की हे बिल, तर भ्रष्टाचार प्रतिबंधक कायद्याच्या २०१८च्या दुरुस्तीनंतरच्या कलम १७अ प्रमाणे आधी सक्षम प्राधिकाऱ्याची मान्यता लागते. मान्यतेचा प्रस्ताव जातो कुठे? शासनाकडेच. तुमच्या तक्रारीचा मजकूर फिरून तुमच्याच विभागाच्या एखाद्या टेबलावर येऊ शकतो हे गृहीत धरूनच लिहा. पेन्सिलच्या बेरजेची गोष्ट इथेही लागू. आणि उद्या ठेकेदाराचा माणूस तुमच्याच ड्रॉवरमध्ये पाकीट सरकवून गेला तर "उद्या परत करीन" म्हणून ते तिथे ठेवू नका. त्याच क्षणी वरिष्ठांना लेखी आणि १०६४ला फोन.

बदलीची भीती सगळ्यात मोठी, म्हणून त्यावर थोडं थांबतो. बदली अधिनियमानुसार तुमचा पदावरचा सर्वसाधारण कालावधी तीन वर्षांचा, आणि मंत्रालयाबाहेरच्या गट क कर्मचाऱ्याला त्याच कार्यालयात असे दोन पूर्ण कालावधी मिळू शकतात. बदल्या वर्षातून एकदा, एप्रिल-मेमध्ये. मधल्याच काळात किंवा मुदतीआधी बदली करायची तर विशेष कारण लेखी नोंदवावं लागतं आणि लगतच्या वरच्या प्राधिकाऱ्याची पूर्वमान्यता घ्यावी लागते. आमच्यासारखे मसुदे लिहिणारे इथेच घसरायचे. आदेशात "प्रशासकीय कारणास्तव", नस्तीवर कारणच नाही, आणि मान्यतेची तारीख आदेशानंतरची. अशा बदल्या महाराष्ट्र प्रशासकीय न्यायाधिकरण, म्हणजे मॅट, रद्द करतं. मुंबईत ते १९९१पासून आहे. एरवी आधी खात्याकडे दाद मागून सहा महिने थांबावं लागतं आणि मर्यादा वर्षाची असते, पण बदलीत इतका वेळ नसतो. तुमचे वकील पहिला प्रश्न विचारतील तो हा: कार्यमुक्त झालात का, म्हणजे जुन्या पदावरून तुम्हाला सोडलं का? सायंकाळी आदेश, रात्री एकतर्फी कार्यमुक्ती आणि सकाळी तुमच्या खुर्चीवर दुसरा माणूस रुजू, असं झालं की अंतरिम स्थगिती मिळवणं अवघड जातं. म्हणून आदेशाचा वास येताच सेवापुस्तकातल्या रुजू दिनांकाची नोंद आणि मागचे बदली आदेश काढून ठेवा. तुमची टिपणी १० तारखेची आणि बदली २५ तारखेची असेल, तर त्या पंधरा दिवसांवरच अर्धा युक्तिवाद उभा राहतो. आता कळलं ना, टिपणीवर दिनांक का हवा?

निलंबन त्यामानाने कमी होतं, पण झालं तर: २०१५च्या अजयकुमार चौधरी निकालात सर्वोच्च न्यायालयाने सांगितलं की तीन महिन्यांत दोषारोपपत्र दिलं नाही तर निलंबन पुढे चालू ठेवता येत नाही. राज्य शासनानेही ९ जुलै २०१९ला त्याप्रमाणे शासन निर्णय काढला. ९० दिवस मोजत राहा आणि एक्याण्णव्या दिवशी अर्ज द्या. आपोआप कुणी बोलावत नाही. बडतर्फी, सेवेतून काढणं किंवा पदावनती चौकशीशिवाय करता येत नाही, ते संविधानाच्या अनुच्छेद ३११मध्येच आहे. आणि गोपनीय अहवालाची, म्हणजे वर्षभराच्या कामाच्या मूल्यमापनाची, प्रत दरवर्षी मागून घ्या. प्रत्येक नोंद कळवली पाहिजे असं २००८पासून सर्वोच्च न्यायालयाचं म्हणणं आहे. सूड घ्यायचा सगळ्यात शांत मार्ग तोच: "अ" चा "ब" करायचा. तो तुम्हाला पदोन्नतीच्या वेळी कळतो.

महापालिकेतल्या मंडळींनी यातलं बदली अधिनियम आणि मॅट हे दोन्ही स्वतःला लागू आहे असं समजू नये. पालिका कर्मचाऱ्याचा रस्ता उच्च न्यायालय किंवा, कामगार या व्याख्येत बसत असेल तर, औद्योगिक न्यायालयाकडे जातो. आकसाने केलेली बदली ही १९७१च्या राज्य कायद्यात अनुचित कामगार प्रथा मानलेली आहे. त्यावर तुमच्या युनियनच्या वकिलांना माझ्यापेक्षा जास्त कळतं.

राहिला शेवटचा प्रश्न, घरी सांगू का. सांगा, आणि आकडे घेऊन सांगा. निलंबनात निर्वाह भत्ता मिळतो तो अर्धपगारी रजेच्या वेतनाइतका, वर महागाई भत्ता. तीन महिन्यांनंतर, लांबलेल्या चौकशीला तुम्ही कारण नसाल तर, त्या भत्त्यात त्याच्याच निम्म्या रकमेपर्यंत वाढ करता येते. दर महिन्याला "अन्यत्र नोकरी-धंदा करीत नाही" असा दाखला द्यावा लागतो, तो विसरलात की भत्ता अडकतो. घराचा हप्ता, पतपेढीचं कर्ज आणि मुलांची फी या तिन्हींची बेरीज त्या भत्त्यात बसते का, हे एका संध्याकाळी नवऱ्यासोबत बसून पाहा. बसत नसेल तर पतपेढीचं नवीन कर्ज या वर्षी नको.

टिपणी या आठवड्यातच जाऊ द्या, सात दिवस धावतायत. मसुदा मला दाखवायचा असेल तर जरूर पाठवा. फक्त मजकूर स्वतः टाइप करून, नावं आणि नस्ती क्रमांक गाळून. नस्तीचा फोटो नको.